खाऱ्या पाण्याचा डवरा

बाणकोटपासून श्रीवर्धनपर्यंत कुणाला समुद्राचं पाणी इमारतीत आणायचं असलं, मग ती मासळी धुवायची शेड असो की एखाद्या वैद्याचं खाऱ्या पाण्याचं न्हाणीघर, लोक उमरठच्या सहदेव मिस्त्रीला बोलावणं धाडीत. माणूस अस्सल डोंगरातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला जाताना बोटीतून, आणि तोही ओकाऱ्या काढत. या कामाचं श्रेय मात्र त्यानं स्वतःकडे कधी घेतलं नाही. "आमच्या घरच्या माणसाला इचारा," म्हणायचा.

गोष्ट १९३१ सालची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली आठ सहदेवानं मुंबईच्या गिरणीत इंजिनाला तेल पाजण्यात घालवली होती. घरी यायचा तो शिमग्याला आणि गणपतीला. एरवी बायको मैना उमरठला आणि हा चाळीत. एकदा आला तर त्याची मुलगी आवडी, नुकती चालायला लागलेली, बापाला पाहून आईमागे लपली. ते त्याच्या काळजाला लागलं. म्हणूनच दासगावच्या खाडीकाठी मुरारीशेठांनी भात सडायची गिरणी काढली आणि इंजिनावर माणूस हवा असं कानावर आलं, तेव्हा तो ट्रंक घेऊन धक्क्यावर उतरला आणि बायकोपोरीला आणून दासगावात खोली करून राहिला.

पण दैव देतं आणि कर्म नेतं. इंजिन तापू नये म्हणून त्याला सारखं पाणी लागे. चैत्रात गोडं पाणी गावाच्या घशालाच पुरेना, म्हणून शेठांनी खाडीत नळ टाकलेला. भरतीचं पाणी समुद्राकडून वर चढे ते चिखल आणि पालापाचोळा घेऊनच. ओहोटीला नळाचं तोंड उघडं पडे. इंजिन दोन तास चालायचं की तापून बंद. सहदेवानं नळाला जाळी बसवली. ती तुंबली. त्याहून बारीक बसवली, ती त्याहून लवकर तुंबली. मग तिच्यावर फडकं बांधलं. गड्याची अक्कल जाळीच्या भोकातच अडकली होती.

शेठ भला माणूस, पण धंदा तो धंदा. म्हणाले, "सहदेव, अक्षयतृतीयेपर्यंत बघतो. नाही जमलं तर इंजिन विकून टाकतो. तू आपला मुंबईला जा, तिथं तुला अजून घेतील."

सहदेव घरी आला आणि ट्रंक भरायला बसला. मैना जवळ येऊन बसली.

"अवो, पन तुमी धारेतलं पानी घेता कशाला? आमी बाया उन्हाळ्यात नदीवर जातो, तवा पान्यात हंडा बुडवतो का? काठाच्या वाळूत डवरा खणतो. पानी आपनच झिरपून येतं, निवळशंख."

"ती नदी गो. ही खाडी हाय."

"वाळूला खारं-गोडं काय ठावं?"

डवऱ्याचं पाणी सहदेव लहानपणापासून पीत आला होता. पण ते भरून आणणं बायांचं काम, म्हणून ते येतं कसं, हे त्यानं कधी वाकून बघितलंच नव्हतं. आता त्याला त्याची लाज वाटली.

काठापासून दहा हात आत, जमिनीकडे त्यानं खणायला घेतलं. चिखल संपून वाळू लागली तरी थांबला नाही, ओहोटीच्या पाण्याच्या पातळीखाली जाईपर्यंत खणलं. कडेनं जांभ्याचे चिरे चुना न भरता रचले, त्यांच्यामागे गोटे आणि जाडी वाळू भरली. नळ आत सोडला आणि पंप सुरू केला. आलं ते चहासारखं गढूळ पाणी. बघायला आलेले शेठ तसेच निघून गेले. सहदेवानं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मैना आवडीला कडेवर घेऊन भाकरी द्यायला आली. तिनं डवऱ्यात डोकावून बघितलं.

"पैलं पानी कवा कुनी पितं का? ते उपसून टाकायचं. दुसरंबी टाकायचं. मंग थांबायचं. आन येवढं घाईनं वढू नका, वाळू आत येते."

दोन दिवस दोघं बादल्यांनी उपसत राहिली. मग सहदेवानं पंपाचा वेग निम्म्यावर आणला.

अक्षयतृतीयेच्या सकाळी इंजिन सुरू झालं. भरती आली, ओहोटी लागली, तरी ते फुकफुक करत चालूच. संध्याकाळी शेठांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं. "खारट आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "पण स्वच्छ आहे. राहा आता."

सहदेव जवळजवळ धावतच घरी आला. दाराशी भरून ठेवलेली ट्रंक जागेवर नव्हती. ती आत चुलीशेजारी होती, तांदळानं काठोकाठ भरलेली. त्याचे सदरे वलणीवर.

"हे कवा केलंस गो?"

"सकाळी. तुमी इंजिनाकडं गेलात तवा."

"आन इंजिन बंद पडलं असतं तर?"

"तर तुमाला न्यायला ट्रंक नसती," मैना तवा उतरवत म्हणाली.

सहदेव तिथंच खाली बसला. आवडी येऊन त्याच्या मांडीवर चढली, आणि तिनं आईकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.