बाईंच्या नाटकातलं झाड

चौथीत असताना मी एका मुलीचं वाक्य चोरलं. तेही भर स्नेहसंमेलनात, तिचे वडील समोर बसलेले असताना. कुणाला सांगितलं की लोक हसतात, "एवढंच?" म्हणतात. मलाही ते एवढंच वाटावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. ज्या बाईंचं नाटक मी बिघडवलं, त्या बाई म्हणजे माझी आई.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचो. आईची शाळा पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. मीही त्याच शाळेत, आणि चौथीला तर तिच्याच वर्गात. घरापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ती आई असायची. गिरणी ओलांडली की बाई. एकदा मी वर्गात चुकून "आई, शूला जाऊ?" म्हणालो. वर्ग खिदळला. ती शांतपणे म्हणाली, "कुणाची आई आलीय? बघा रे बाहेर." दोन पोरं खरोखरच बाहेर जाऊन बघून आली.

बाई आपल्या मुलाला झुकतं माप देतात असं कुणी म्हणू नये, याची तिला फार धास्ती. त्यामुळे पुस्तकं वाटली की फाटकं माझं, आणि नाटकात मी झाड. दुसरीत झाड, तिसरीत झाड. चौथीत मी घरी, म्हणजे गिरणीच्या अलीकडे, तक्रार केली.

"मला एक तरी वाक्य दे की."

"झाडं बोलतात का?"

"मग मला माणूस कर."

"ते काम रोजच चाललंय," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

नाटक तिनंच लिहिलं होतं. राजा महालासाठी झाड तोडायला येतो. एक चिमणी पुढे होऊन म्हणते, "महाराज, या झाडावर माझं घर आहे." राजा विरघळतो, मग सगळे नाचतात. चिमणीचं हे एकुलतं एक वाक्य आईनं वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीला दिलं. वर्गातली निम्मी मुलं तेलुगू घरांतली होती, पण ती चार दिवसांत मराठीत भांडायला शिकायची. हिला सगळं कळायचं, मात्र चारचौघांत तोंडाला कुलूप. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. तिचे वडील मागावर काम करायचे. त्यांनी आईला सरळच विचारलं होतं, "पोरगी बोलत बी न्हाई, बाई. मग शाळेत ठेवून काय उपयोग? घरी बसून सुताच्या कांड्या तरी भरंल."

"संमेलनाला या," आई म्हणाली, "आणि ऐका. मग ठरवा."

शाळा सुटली की ती मुलगी आमच्याबरोबर घरी यायची. आई स्वयंपाक करता करता तिची तयारी घ्यायची. "चेप्पु, चेप्पु," म्हणजे सांग, सांग. तेलुगू आईनं मुलांकडूनच उचललं होतं, आणि ते इतकं वेडंवाकडं होतं की ती मुलगी हसायची. हसली की तोंड उघडायचं, आणि तोंड उघडं सापडलं की आई त्यातून एक शब्द काढून घ्यायची. मी कोपऱ्यात बसून जळत असायचो. शेंगाचटणीवर तेल मला थेंबभर, तिला धार धरून. माझ्याच घरात ती बाईंची लाडकी, आणि मी झाड. तिचं वाक्य ऐकून ऐकून मला झोपेतसुद्धा आलं असतं.

संमेलनाच्या दिवशी मला गोणपाटात शिवलं आणि हातांना लिंबाच्या फांद्या बांधल्या. फांद्यांवर मुंग्या होत्या, त्यांना नाटकाचं काही सांगितलेलं नव्हतं. पडदा वर गेला. राजानं कुऱ्हाड उगारली. चिमणी पुढे आली आणि थांबली. कितीही वेळ लागला तरी कुऱ्हाड वरच धर, असं आईनं राजाला बजावलं होतं. त्यानं दुसऱ्या हातानं कुऱ्हाडीला टेकू दिला. विंगेत आईचे ओठ "चेप्पु" म्हणत हलत होते. आणि मी, झाड, खणखणीत आवाजात म्हणालो, "महाराज, या झाडावर माझं घर आहे!"

झाडाचंच झाडावर घर! मांडव हसून हसून लोळला. राजानं कुऱ्हाड टाकून पोट धरलं. पहिल्या रांगेत बसलेले तिचे वडीलही हसले, कारण सगळेच हसत होते. मग त्यांनी रंगमंचावर मुलीला शोधलं. ती तिथं नव्हती.

घरी आल्यावर मी आईला म्हणालो, "चुकलं."

"मला कशाला सांगतोस? वाक्य माझं नव्हतं. तिला सांग."

तिनं मारलं नाही. एक धपाटा बसला असता तर मी सुटलो असतो, हे तिला ठाऊक होतं.

मुलगी शाळेत येईना. आई रोज तिच्या घरी जायची आणि मागाच्या खडखडाटात तिच्या वडिलांशी ओरडून वाद घालायची. "ती बोलणारच होती, माझ्या पोरानं घात केला!" शेवटी मुलगी परत आली. मला वाटतं, बाईंच्या आवाजाला तो मागच कंटाळला असावा.

पुढे आई मला रोज विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "उद्या." मग चौथी संपली. मग तिनं विचारणं सोडलं. मी नोकरीला पुण्याला गेलो. आई निवृत्त झाली, तरी सगळ्या गावाची बाईच राहिली. एकदा तपासणीला गेली असताना डॉक्टर म्हणाले, "जीभ दाखवा." ते तिचेच विद्यार्थी. "आधी तू नखं दाखव," ती म्हणाली, आणि त्यांनी खरंच दाखवली.

गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर मी त्या मुलीची चौकशी करत करत पूर्व भागातल्या चादरींच्या एका दुकानात पोचलो.

"या की, बसा. सिंगल का डबल?" गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"नाही, मला जरा..."

"बघायला काय जातंय? ही बघा. लई टिकते. रंग गेला तर मला येऊन बोला."

"मला बोलायचंच..."

"बोला की, मी कुटं अडवलंय?" म्हणत त्यांनी आणखी एक चादर उलगडली. माझ्यासमोर डोंगर झाला. शेवटी मी एका दमात सांगून टाकलं, "मी बाईंचा मुलगा."

हात थांबले. "झाड?"

"हो."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआड हसू लागल्या. "बाईंच्यामुळं दहावी झाले मी. आणि ते नाटक! मी विसरले अन् तुमी सांभाळून घेतलं. बाई म्हणायच्या, तू बोलली असतीस. पण ते बाईंचं प्रेम हो. मला काय ते यायचंच न्हवतं."

इतकी वर्षं त्या हेच धरून बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही विसरला नव्हता. तुमचे ओठ उघडले होते. मी शेजारीच उभा होतो, मला दिसलं होतं. 'महाराज'मधला 'म' तुमच्या तोंडात आला होता, म्हणून तर मी घाईनं बोललो. आईचं खरं होतं. मी तुमचं वाक्य घेतलं, मुद्दाम. माझं चुकलं. मला माफ करा."