आठ पावलांचा रस्ता

राजेंद्र नगरच्या मागे बायकोबरोबर प्लॉट बघायला गेलो आणि रस्त्याची रुंदी मी दलालालाच विचारली. तो म्हणाला, "तीस फूट." मी खुशीत घरी आलो.

आमच्या गल्लीत घरांचे नकाशे काढणारे एक नक्शेवाले आहेत, ते मात्र कुणाला विचारत नाहीत. जमीन दाखवली की चपला काढतात आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत रस्ता पावलांनी मोजतात. चपलेमुळे पाऊल लांब पडतं, असं त्यांचं म्हणणं. तोवर कुणाशी बोलत नाहीत, चहासुद्धा घेत नाहीत.

बयाणा द्यायच्या आदल्या दिवशी मी त्यांना तिथे नेलं. घराचा नकाशा तेच काढणार होते. आठव्या पावलाला समोरची भिंत आली.

"भिया, ये तो मुश्किलीने वीस फूट आहे. इथे घराचा नकाशा पास नाही होणार."

"पण दलाल तर तीस म्हणाला!"

"मग त्यालाच बांधू द्या ना घर. मी तर नाही काढणार."

हातातलं काम असं सोडून ते शांतपणे माझ्या स्कूटरवर मागे बसले.

घरी आल्यावर मी त्यांचं भरभरून कौतुक केलं. बायको म्हणाली, "रस्ता अरुंद आहे, हे मी महिनाभर सांगत होते. पण तुम्हाला दुसरीच्या नवऱ्याचंच पटतं."