बरणीतले मासे

ओल्या रंगाचा वास आला की सोलापूरच्या सासरचे सुरुवातीचे दिवस आठवतात. शेजारी सूत रंगवायचे. एकदा आमची म्हैस आजारी पडली आणि रंग विहिरीत उतरला, अशी शंका सगळ्यांना आली. गुरांच्या डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बरणीत भरून त्यात दोन मासे सोडले. आमचं घर लिंगायत, सासूबाई कडाडल्या, "आमच्या दारात मासं? न्हाय चालायचं!" "खायला नाहीत हो, पाणी पारखायला आहेत. सकाळपर्यंत जगले तर पाणी चांगलं," डॉक्टर म्हणाले. सकाळी मी धाकधुकीनं परसात गेले, तर सासूबाई बरणीत चुरमुरे टाकत होत्या. "जिवंत हायती की गं! रातभर उपाशी हुती लेकरं." म्हैसही पुढं बरी झाली, मासे विहिरीत गेले. आमच्यात आजही मासा शिजत नाही. पण विहिरीत चुरमुरे टाकल्याशिवाय मला घास उतरत नाही.