हातावरचं मीठ

कोलशेतच्या त्या नव्या टॉवरमध्ये गोविंदा मढवीला सगळे गोविंदशेठ म्हणत. चौदाव्या मजल्यावर दोन फ्लॅट, गळ्यात गोफ, खाली मोठी गाडी आणि पायात बारा महिने मोजे. ठाण्याच्या मे महिन्यात माणूस अंगातला सदरा काढून बसतो, पण गोविंदाचे मोजे काही निघत नसत. कोणी विचारलंच तर म्हणे, लादी गार लागते.

खरी गोष्ट अशी, की टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, खाडीच्या कडेला, एके काळी मिठागर होतं आणि गोविंदा पोरवयापासून आई बायजाबरोबर तिथे अनवाणी राबला होता. खारं पाणी आणि मिठाचे खडे यांनी त्याच्या पायांचं व्हायचं ते करून टाकलं. टाचांना पांढऱ्या भेगा, बोटांमधली कातडी निबर. पुढे घरच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, बिल्डर आले, दिवस पालटले. पाय मात्र पालटले नाहीत. शेजाऱ्यांना त्याने ‘आमचा पहिल्यापासून रेतीचा धंदा’ असं सांगून ठेवलं होतं, आणि इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचं त्यालाही ते पटत आलं होतं.

या सगळ्यावर पाणी फिरवलं ते पोटच्या पोरीने. दर्शना आर्किटेक्चरला, हुशार. एका सेमिस्टरसाठी पोर्तुगालला, पोर्तो शहरात शिकायला तिची निवड झाली. सोसायटीने क्लबहाउसमध्ये निरोपाचा केक कापला. ‘दोन शब्द बोल’ असा आग्रह झाला, तशी ही उभी राहिली आणि म्हणाली, “माझे पप्पा मिठागरात अनवाणी काम करायचे. मी आज विमानात बसतेय ती त्या पायांमुळे.” टाळ्या पडल्या. दोनचार बायकांनी डोळे पुसले. आणि सगळ्यांची नजर गेली ती थेट गोविंदाच्या मोज्यांवर.

घरी आल्यावर तो एवढंच बोलला, “जगाला सांगाची काय गरज व्हती?”

“अहो पप्पा, मला अभिमान वाटतो म्हणून बोलले,” दर्शना म्हणाली. तोवर तो उठून आत गेला होता. तिला विमानतळावर सोडायलाही गेला नाही. माया कमी होती असं मुळीच नाही. लाज मायेच्या आडवी येऊन बसली होती, आणि गोविंदाला ती बाजूला सारता येईना.

तिकडे शनिवार-रविवार आला की पोरं पाठीला बॅग लावून गावं बघत सुटायची. एका शनिवारी लिस्बन, दुसऱ्या शनिवारी माद्रिद. जिथे जाईल तिथून दर्शना व्हिडिओ कॉल करायची. कांता, तिची आई, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ऐसपैस बसायची. गोविंदा गॅलरीत पेपर उघडून बसायचा, पण पान काही उलटायचा नाही.

“पप्पा कुठेत?”

“हाय ना. पेपर वाचतान.”

“अजून?”

“अजून.”

फोन ठेवला की मात्र हा आत येणार आणि भिंतीकडे बघत विचारणार, “तिकरं जेवाला काय देतान तिला?” कांता म्हणायची, “तीच सांगंल, इचारा.” की पुन्हा गॅलरी.

सप्टेंबरच्या शेवटी वर्गातली सगळी पॅरिसला निघाली. दर्शना गेली नाही. ती एकटीच गाडीत बसून तासाभरावरच्या आव्हेरो गावी गेली आणि दुपारी तिचा फोन आला.

“मम्मी, हे बघ.”

कांता फोनवर वाकली. फोनमध्ये खाडी होती, बांध होते, चौकोनी वाफे होते, आणि बांधावर ओळीने पांढरे ढीग. गॅलरीतला पेपर खाली आला.

एक म्हातारा वाफ्यातून वर चढला, दर्शनाकडे बघून हसला आणि ओंजळभर ताजं मीठ त्याने सरळ तिच्या हातावर ठेवलं.

“अगो, हातान नको घेव!” कांता ओरडली. “खाली ठेवाला सांग त्याला! हातान मीठ घेतलं का भांडान होतं!”

दर्शनाने मूठ मिटली. “होऊ दे ना, मम्मी. भांडायला तरी पप्पा बोलतील माझ्याशी.”

हे मात्र गोविंदाच्या काळजात घुसलं. पोर सातासमुद्रापलीकडे, खाऱ्या बांधावर एकटी उभी, आणि बापाकडे मागतेय काय, तर भांडण. तो आत आला. कांताला सरकवून फोनसमोर बसला.

“त्याचं पाय दाखव,” तो म्हणाला.

दर्शनाने फोन खाली वळवला. गोऱ्या माणसाचे पाय, पण टाचा त्याच. भेगा त्याच. बोटांमधली पांढरी, निबर कातडी तीच. गोविंदा वाकला, त्याने डाव्या पायातला मोजा ओढून काढला आणि पाय उचलून सरळ टीपॉयवर, फोनच्या पुढ्यात ठेवला. दर्शनाने फोन म्हाताऱ्यापुढे धरला. तो काहीतरी बोलला, मोठ्याने हसला आणि आपल्या छातीवर हात ठेवला.

“काय बोलला त्यो?”

“मला पण नाही कळलं, पप्पा,” दर्शना म्हणाली. ती रडत होती.

“मना लाज वाटलेली, पोरी,” गोविंदा म्हणाला. “तुजी नाय. माजीच.”

त्यानंतर दर शनिवारी बरणीसमोर पहिला कोण बसायचा, हे वेगळं सांगायला नको. कांताला पोरीचा चेहरा त्याच्या खांद्यावरून बघावा लागे, आणि त्यावरून दोघांची दर वेळी जुंपे.

जानेवारीत दर्शना परत आली. विमानतळाच्या दाराशी गोविंदा चपला घालून उभा होता, नुसत्या चपला. तिची नजर आधी खाली गेली आणि मगच तिने वाकून नमस्कार केला. मग तिने बॅगेतून मिठाची एक पुडी काढली. कांताचं लक्ष होतंच. तिने पिशवीतून स्टीलची वाटी काढून पुढे केली. वाटी तिने घरून निघतानाच सोबत घेतली होती.

गोविंदाने वाटी हळूच बाजूला सारली आणि आपला तळवा पसरला.

“हातावर, पप्पा?”

“दे,” तो म्हणाला, “आपलं भांडून झालंय.”