मुकी खेचरं आणि आज्ज्याची घंटी

लढाईवर गेलेल्या लोकांच्या घरी बिल्ले असतात, टोप्या असतात, भिंतीवर गणवेशातला फोटो असतो. आमच्या घरी मेंढीच्या गळ्यातली एक पितळी घंटी आहे. आज्ज्यानं ती ब्रह्मदेशात नेली आणि परत आणली. लढाईत तुम्ही काय केलं, असं कुणी विचारलं की तो ताठ बसून सांगायचा, घंटी वाजवली. ऐकणारा हसला तरी त्याला काही वाटायचं नाही. मला मात्र भयंकर राग यायचा. मी लहानपणापासून तशीच, नाकावर राग घेऊन जन्मलेली.

आमचं गाव पाटोद्याजवळ. तेव्हा इकडं निजामाचं राज्य. आज्जा मेंढरं विकायला नगरच्या बाजारात गेलता. तिथं इंग्रजांची भरती चाललेली. जनावरं सांभाळता येतात का, म्हणून कुणीतरी त्याला विचारलं. धनगराला हे विचारायचं म्हणजे कमालच की! तो हो म्हणाला आणि गेला. घरी सांगावा धाडायचंही त्याला सुचलं नाही. पणजीनं त्या दिवशी शिव्या द्यायला जे तोंड सोडलं ते तो परत येईपर्यंत मिटलं नाही. मेंढी विकली तरी तिची घंटी विकायची नाही, अशी आमच्यातली रीत. म्हणून म्होरक्या मेंढीची घंटी त्याच्या खिशात होती, तीही लढाईवर गेली.

तिकडं त्याच्या ताब्यात खेचरं दिली. जंगलात खेचर ओरडलं तर शत्रूला ठिकाण कळणार, म्हणून त्यांच्या गळ्यात काप घेऊन त्यांना आधीच मुकं केलेलं. तोंड उघडायची, पण आवाज नाही. आज्ज्याला ते बघवायचं नाही. पलटण मागं मुक्कामाला असली की तो दाणा टाकताना घंटी वाजवायचा. म्हणायचा, त्यांच्याकडून कुणीतरी बोलायला पाहिजे ना. पुढं सरकायचा हुकूम आला की लोलकाला चिंधी बांधून घंटी परत खिशात.

लढाई संपत आलेली. जपानी मागं हटत होते आणि आपली पलटण त्यांच्या मागं मागं. मधे एक नदी आली. ती केवढी होती हे सांगायला आज्ज्यानं मला एकदा एस.टी.नं पालीच्या धरणावर नेलं आणि म्हणाला, हे सगळं पाणी लांबवून अंथर, तरी तिची सर न्हाई. माणसं होड्यांतून पार झाली. खेचरं पाण्यात पाय घालीनात. ओढून झालं, मारून झालं, साहेब लाल झाला. तोफा धडधडत होत्या, डोक्यावर विमानं, म्हणजे गुपचूप राहण्यात तसाही काही अर्थ उरला नव्हता. आज्जा होडीच्या मागच्या टोकाला बसला, चिंधी सोडली आणि वाजवायला लागला. एक उतरलं, त्याच्या मागं दुसरं. सगळी माना वर काढून घंटीमागं पोहत आली. साहेबानं त्याला सिगारेट दिली. आज्जा तंबाखू खाणारा, त्यानं ती मोडून चुन्याबरोबर मळली.

ही गोष्ट तो कुणालाही सांगायचा. हिच्या पुढची मात्र फक्त घरात, आणि तीही मेंढरू विकायची वेळ आली तरच.

लढाई थांबली. पलटण परत निघाली. जखमी, लंगडी खेचरं नेणं परवडणार नव्हतं, त्यांना तिथंच गोळी घालायची असं ठरलं. ती जंगलाच्या कडेला पांगलेली, परक्या हाताला येईनात. साहेबानं आज्ज्याला घंटी वाजवायला सांगितलं. त्यानं वाजवली. दाणा मिळेल म्हणून लंगडत लंगडत सगळी धावत आली.

घरी आल्यावर त्यानं एकच नियम केला. विकायच्या जनावराला घंटीनं बोलवायचं नाही. आणि चुकून बोलावलं, तर मग ते जनावर विकायचं नाही. व्यापारी यायच्या आधी घंटी उतरवून, चिंधी बांधून घरात ठेवायची आणि मेंढरू हातानं धरून द्यायचं. आज्जा गेला, पण माझ्या चुलत्यांनी हा नियम कधी मोडला नाही.

तर परवाच्या दिवाळीनंतर परळीहून चुलतभावाचा फोन आला. तो तिथं औष्णिक वीज केंद्रात नोकरीला. काकांचे गुडघे गेलेत, मेंढरांमागं फिरणं होत नाही, सगळा कळप एकदम विकायचा ठरवलाय, पण ऐनवेळी ते मागं फिरतील, तू ये, तुझं ते ऐकतात, असं म्हणाला. मी बीडहून गेले. काका ओट्यावर बसलेले. मला बघून म्हणाले, बरं झालं आलीस, चहा घे. मेंढरांचा विषयच नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर त्या कळपामागं चाललेला, आणि चेहरा असा की आपण काही बोलूच नये.

काकूचं मात्र तोंड चालू होतं. या मेंढरांनी माझा जन्म खाल्ला, हाताचा लोकरीचा वास मेल्यावरच जाईल, जाऊ द्या एकदाची, म्हणजे मी लेकाकडं परळीला सुखानं राहीन. लग्न होऊन आल्यापासून ती हेच म्हणतेय. मी मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस खूश आहे.

व्यापारी टेम्पो घेऊन आला. काकांनी म्होरकीच्या गळ्यातली घंटी आधीच उतरवून आत ठेवलेली. मेंढरं फळीवर चढेनात. दोन वर घातली की तीन खाली उड्या मारायची. भाऊ ऑफिसच्या बुटांवर पळत होता. मी एकीला धरायला गेले ती लेंड्यांत सपशेल बसले, नवी साडी, अन् वर व्यापारी हसला. मी त्याला असं सुनावलं की तो गप टेम्पोआड जाऊन उभा राहिला. शेवटी मेंढरं जाळीच्या कुंपणातून सुटून पार खालच्या वावरात पांगली.

भाऊ घामाघूम होऊन म्हणाला, घंटी वाजवा की, आपसूक येतील. काका नाही म्हणाले. भाऊ चिडला. त्या जुन्या गोष्टी किती दिवस धरून बसणार, आपण काय गोळ्या घालतोय का त्यांना, असं बोलून गेला. मला रडायला यायला लागलं आणि रडायला आलं की मी जास्तच चिडते, म्हणून मी पदर झटकत बसले.

तेवढ्यात घंटी वाजली.

आम्ही सगळे वळलो. काकू दारात उभी होती. चिंधी पायाशी पडलेली. ती वाजवतच राहिली, चांगली जोरजोरात. खालच्या वावरातून माना वर झाल्या आणि सगळा कळप धुरळा उडवत आला, टेम्पोला वळसा घालून थेट तिच्या दारात. म्होरकीनं तिच्या हातालाच तोंड लावलं.

व्यापारी खूश होऊन म्हणाला, हां, आता चढवा. काकांनी मान हलवली. आमच्यात न्हाई चालत, घंटी वाजली, एवढंच म्हणाले. व्यापाऱ्याला कितीतरी वेळ काही कळेना. कळल्यावर तो आमच्या सगळ्या खानदानाला नावं ठेवत रिकामा टेम्पो घेऊन गेला.

भाऊ डोक्याला हात लावून आईसमोर उभा राहिला. त्याला नियम माहीत होता, आईलाही माहीत होता.

"आई, कावून वाजवलीस? आता चारणार कोण ह्यांना?"

काकू खाली वाकून म्होरकीच्या गळ्यात घंटी बांधत होती. गाठ पक्की झाली का ते तिनं दोनदा ओढून बघितलं.

"मी हाय की," ती म्हणाली. "माझे गुडघे कुठं गेलेत?"