स्पेअर मोजे

स्कॉटलंडला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, जमिनीवर सामान मांडून बसलो होतो. जानेवारी महिना होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पार्ट-टाइम सैन्यात प्रायव्हेट होतो, म्हणजे आठवडाभर विद्यार्थी आणि वीकेंडला सैनिक. मी कुठल्याही लढाईत नव्हतो, त्यामुळे ‘सैनिकी आठवणी’ म्हणायला जरा संकोच वाटतो. पण लोक विचारतात, भीती वाटली होती का. वाटली होती. खरं तर सामान भरतानाच वाटायला लागली होती.

आम्हाला सार्जंट हॅलम शिकवत. ते रेग्युलर आर्मीतले, आमच्याकडे इन्स्ट्रक्टर म्हणून आलेले, आणि पक्के नॉटिंगहॅमचे. सगळ्यांना ‘डक’ म्हणायचे, ती तिथली प्रेमाची हाक. बाबांनाही फॅक्टरीत सगळे डक म्हणत. आईला ते कधी पटलं नाही. "एवढ्या बाप्या माणसाला बदक काय म्हणतात," असं ती म्हणे.

सार्जंटचे नियम थोडेच होते. अंगाला लागून कॉटन घालायचं नाही, कारण भिजलेलं कॉटन अंगातली ऊब शोषून घेतं. बर्गनच्या, म्हणजे आमच्या मोठ्या सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची. स्लीपिंग बॅग तळाला आणि ज्याची गरज घाईत लागेल ते सर्वांत वर. टोपी, मोजे आणि मिटन्स, म्हणजे चार बोटांना एकच कप्पा असलेले जाड हातमोजे, यांचा एक कोरडा जोड कायम राखीव. "पर्वतावर दुकान नसतं, डक," ते म्हणायचे.

बाबा होजियरीच्या फॅक्टरीत मशीनवर होते. सोलापूरच्या मिलमधून ते थेट इथल्या मोज्यांत येऊन पडले होते. किंचित खोट असलेले जोड त्यांना घरी आणता येत. त्या संध्याकाळी त्यांनी करड्या लोकरीचे चार जोड माझ्यासमोर ठेवले.

"मोजे मोजून घे," ते म्हणाले. हा विनोद ते दर हिवाळ्यात करायचे.

आईने मी वळल्यावर दोन कॉटनचे बनियन हळूच आत सरकवले.

"आई, ते चालत नाहीत."

"घाम आला तर?"

"तिथे उणे दहा असतं."

"मग तर घेच."

नील बर्वे तेवढ्यात आला. तो आमच्याच सेक्शनमध्ये होता. डॉक्टरांचा मुलगा, जन्म इथला, मेडिकलला होता. त्याला सर्जन व्हायचं होतं. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला, तर त्याच्या घरात कॉलेज न केलेलं कोणी नव्हतं. तरी त्याला आमच्याकडे यायला आवडायचं, कारण आई त्याच्याशी मराठीच बोलायची. त्याच्या मराठीतले बरेच शब्द आमच्या स्वयंपाकघरातले होते. मागच्या थंडीत आईने त्याला विणलेले हातमोजे दिले होते आणि दारात ओरडून सांगितलं होतं, "मोजे घाल रे!" आमच्याकडे हाताचे काय नि पायाचे काय, सगळे मोजेच.

त्या वाक्याचं पुढे काय होणार, हे तेव्हा कोणाला कळणार होतं?

पहिला दिवस बरा गेला. आइस ॲक्सने, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीने, घसरण कशी थांबवायची, क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे लोखंडी काटे, कसे बांधायचे, हे शिकलो. दिवसभर बर्फात लोळून सगळे भिजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बंकहाउसमध्ये सार्जंटनी निघण्याआधी विचारलं, "स्पेअर मिटन्स?"

एकेक जण "येस, सार्जंट" म्हणत होता. नील माझ्या कानाशी आला. "माझे अजून ओले आहेत. तुझ्याकडे मोजे आहेत ना, स्पेअर?"

"आहेत की. चार जोड."

"येस, सार्जंट," नील म्हणाला, आणि ओले मिटन्स दोरीवरच राहिले.

दुपारपर्यंत आकाश स्वच्छ होतं. माथ्यावर पोहोचलो आणि वारा फिरला. थोड्याच वेळात जमीन आणि आकाश एकच पांढरं झालं. पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसत होती. आमच्यातला केव्ह नावाचा एक जण कुडकुडत होता. त्याचे मिटन्स गोठून पुठ्ठ्यासारखे झाले होते आणि स्पेअर जोड तो आधीच हरवून बसला होता. सार्जंटनी आपला स्पेअर जोड त्याला दिला. माझा पहिला जोड भिजला होता, त्यामुळे माझ्या हातातही तेव्हा स्पेअरच होता.

सार्जंटनी रेडिओवर तळाला हाक दिली. "हॅलो झीरो, धिस इज टू-वन. व्हाइट-आउट. कमिंग डाउन साउथ रिज. ओव्हर."

नुसती खरखर आली.

"हॅलो झीरो, धिस इज टू-वन. ओव्हर."

पुन्हा खरखर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

नीलचा क्रॅम्पॉन सुटला. पट्टा ओढायला त्याने दातांनी मिटन काढला आणि गुडघ्याखाली दाबून धरला. वाऱ्याने तो उचलून नेला. तो उडताना आम्ही दोघांनी पाहिला. बकल धातूचं होतं आणि पट्टा बर्फाने माखलेला होता. तो बांधून होईपर्यंत त्याची बोटं मेणासारखी पांढरी झाली.

"विनय, मोजे दे," तो म्हणाला.

मी बर्गन उघडली. मोजे सर्वांत वर होते, नियमाप्रमाणे. मी एक जोड काढून त्याच्यापुढे धरला.

नील त्याकडे बघत राहिला. "हे नाही. मोजे. हाताचे मोजे."

"हेच आहेत माझ्याकडे."

"पण तू म्हणालास चार."

त्याने तो उघडा हात काखेत धरला. "बोटं कळत नाहीत मला," तो म्हणाला. हे त्याने इंग्रजीत म्हटलं, अगदी हळू. मला त्याच्या पुढच्या सगळ्या परीक्षा, ऑपरेशन थिएटर, ते सगळं त्या काखेत दिसलं.

सार्जंट मागे आले. "काय झालं?"

मी कसंबसं सांगितलं, की आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे. वाऱ्यात ते ओरडून सांगावं लागलं. भयंकर वेडगळ वाटत होतं.

सार्जंटनी क्षणभर माझ्याकडे, मग मोज्यांकडे पाहिलं. नीलचा उरलेला मिटनही भिजून गोठला होता. त्यांनी स्वतःचे दोन्ही मिटन्स काढले आणि नीलच्या हातांत चढवले. आतून ते गरम होते. मग हात माझ्यापुढे केले.

"दे इकडे, डक. दोन्ही हातांत दोन-दोन."

मी बाबांचे मोजे त्यांच्या हातांत चढवले. वरून सँडविचच्या प्लास्टिकच्या पिशव्या घालून मनगटाला दोरीने बांधल्या. त्यांची बोटं दिसेनाशी झाली. त्या पंजांनी त्यांनी ॲक्स धरली. ती प्लास्टिकवरून घसरत होती.

"माझ्या मागे तू," ते म्हणाले. "कंपास तू वाच. मोठ्याने. मला आता तो धरता येणार नाही."

डाव्या बाजूला कडा होता. तो दिसत नव्हता, पण त्या बाजूचा वारा पोकळ लागत होता. मी आकडा ओरडायचो आणि सार्जंट ॲक्स दोन्ही पंजांत आवळून पाऊल टाकायचे. दोनदा ॲक्स निसटली आणि मनगटाच्या पट्ट्याला लोंबकळली. दोनदा माझा आवाज बंद झाला.

"ऐकू येत नाही, डक," ते पुढून म्हणायचे.

मी पुन्हा ओरडायचो. मागून नील रडत होता. त्याची बोटं दुखायला लागली होती. सार्जंट न वळता म्हणाले, "रडतोय? छान. दुखतंय म्हणजे जिवंत आहेत."

अंधार पडता पडता आम्ही जंगलाच्या कडेला उतरलो. नीलची सगळी बोटं वाचली. सार्जंटच्या दोन बोटांची टोकं काही महिने बधिर होती. रिपोर्टमध्ये त्यांनी काय लिहिलं, मला माहीत नाही. पुढच्या ट्रिपच्या आधी मात्र त्यांनी ड्रिल हॉलमध्ये सगळ्यांच्या बर्गन रिकाम्या करायला लावल्या आणि यादीच्या शेवटी विचारलं, "मोजे?" आम्ही दोघं सोडून कोणालाच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं: हातात आणि पायात, दोन्हीकडे चालेल असा लोकरीचा एक जोड. तेव्हापासून आमच्या प्लाटूनमध्ये तो शब्द रुळला. केव्ह त्याचा उच्चार ‘मोजेय’ असा करायचा. बाबांनी फॅक्टरीतून एक गठ्ठाच पाठवला होता.

काही वर्षांनी सार्जंट हॅलम आपल्या रेजिमेंटबरोबर बोस्नियात गेले. तिथे एका रस्त्यावर त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला.

त्यांचं नाव त्यांच्या भागातल्या चर्चबाहेरच्या स्मारकाच्या दगडावर कोरलं, त्या नोव्हेंबरच्या सकाळी, सैनिकांच्या स्मृतिदिनी, आम्ही प्लाटूनमधले सगळे गेलो. नील तेव्हा हॉस्पिटलमध्ये सर्जरीचं शिकत होता, रात्रीची ड्यूटी संपवून तसाच आला. बाबांनीही यायचा हट्ट धरला. फार थंडी होती. दोन मिनिटांचं मौन संपलं, बिगुल वाजून थांबला, आणि केव्ह रांगेतून, पुढे बघत, खालच्या आवाजात म्हणाला, "मोजेय?"

आम्ही सगळ्यांनी खिशात हात घातला. प्रत्येकाकडे जोड होता.

नंतर सार्जंटची बायको आमच्यापाशी आली. त्यांचं सामान घरी आलं होतं. बर्गनमध्ये सर्वांत वर करड्या मोज्यांचा एक जोड होता. तो तिने बॅगेतून काढला. ती म्हणाली, "घरात हे नेहमी असायचे, पण मी त्यांना ते पायात घालताना कधी पाहिलं नाही."

मी इंग्रजीत नीट वाक्य जुळवत होतो. बाबांनी माझी वाट पाहिली नाही.

"दॅट वन नॉट फॉर फीट, डक," ते म्हणाले. "फॉर हँड."

तिने मोज्यांकडे पाहिलं. मग तिथेच, दगडासमोर उभी राहून, तिने ते दोन्ही हातांत चढवले.