सुतकातलं पाकीट

बायको गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि तिचा कुत्रा. तिनं त्याचं नाव कधी ठेवलंच नाही. मला 'अहो' आणि त्याला 'अरे', एवढ्यावर तिचं भागायचं. ती गेल्यावर बरेच दिवस आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारली नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. मुरबाडला एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही दिवस वाचण्यातच जायचा. कुत्रा, अंगण, शेजार हे सगळं तिच्याकडे. गावाच्या वरच्या अंगाला आता मुंबईकरांचे बंगले झाले आहेत. त्यातल्या एका बंगल्यातल्या बाईंशी तिची ओळख झाली, तीही कुत्र्यांवरून. त्या शनिवारी येताना आमच्या कुत्र्यासाठी एखादं पाकीट आणायच्या. परदेशातून आलेल्या, कोंबडीच्या मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्या. बायको संध्याकाळी एक पट्टी मोडून त्याला अर्धी द्यायची. "चटावला तर भाकरीला तोंड लावणार नाही," म्हणायची. त्याचं खरं जेवण म्हणजे सुकटीच्या कालवणात कुस्करलेली तांदळाची भाकरी.

आमच्या भावकीत दहाव्यापर्यंत घरची चूल पेटवत नाहीत. जेवण भाऊबंदांकडून येतं, तेही बिनफोडणीचं: पांढरं वरण, भात, कधी उकडलेले मूग. माझी थोरली बहीण सोबतीला येऊन राहिली होती. तिनं पहिल्या दिवशी वरणभात कुत्र्यापुढे ठेवला. त्यानं हुंगून तोंड फिरवलं. सुतकात सुकट शिजणार नव्हती. मग तिला फडताळात ती पाकिटं दिसली.

"ह्यावर कोंबडीचा चित्र हाय. मटण हाय का रे आत?"

"कोंबडी आहे, सुकवलेली."

"वास तर नाय येत. बिस्कुटच समज," असं म्हणून ताईनं चित्राची बाजू भिंतीकडे केली आणि मूठभर पट्ट्या त्याच्यापुढे टाकल्या.

त्यानं त्या भराभर खाल्ल्या. तेव्हापासून दहाव्यापर्यंत तो तेवढंच खात राहिला. ज्या घरात माणसांच्या ताटात मीठसुद्धा जपून पडत होतं, तिथं तो एकटा मांस खात होता, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणी काय खाल्लं हे बघणारं माणूसच घरातून गेलं होतं.

मग त्यानं तेही खायचं सोडलं. मागच्या दाराशी, मोरीजवळ जाऊन पडायचा. बायको तिथं भांडी घासायची, कपडे धुवायची. भेटायला येणारी माणसं पुढच्या पडवीत टेकायची, चार शब्द बोलायची आणि जाताना मागं डोकावून त्याला बघून जायची.

"मुक्या जनावराला कळतं गो," शेजारची काकी पदर डोळ्यांना लावून ताईला म्हणाली. "तिची वाट बघतंय."

"आपल्या माणसांत बघा," ताई म्हणाली, "तेराव्याला पंगत बसली की जिलबी पुन्हा मागतात. हा बघा, भाकरीला शिवत नाय."

मला त्या बोलण्याचा आधार वाटे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते का, हे माझं मलाही सांगता येत नव्हतं. लोक काय म्हणत असतील याची कल्पना होती. पण घरात कुणीतरी रीतसर शोक करत होतं. दुपारी मी पुस्तक घेऊन त्याच्याजवळ पायरीवर बसे. पान उलटलं जात नसे. तो उठून मोरीतल्या घमेल्यातलं पाणी लपालपा प्यायचा, पुन्हा पडायचा. आपण दोघं एकाच गोष्टीसाठी इथं बसलो आहोत, असं मला वाटायचं.

तेरावं झालं. सुकट शिजली. ताईनं भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली, ती तशीच राहिली. एका सकाळी त्याला उठताच येईना. मागचे पाय फाकले आणि तो बसकण मारून राहिला. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

"जाऊ दे त्याला," ताई हळू म्हणाली. "तिच्याकडं चाललाय. अडवू नको, भाऊ."

ताई मनापासूनच बोलत होती. पण तो गेला असता तर 'अरे' म्हटल्यावर वळून बघणारं या घरात कुणी राहिलं नसतं. मी त्याला गोधडीत गुंडाळलं, रिक्षा बोलावली आणि शहापूरला गुरांच्या दवाखान्यात नेलं. निघताना, काय खातो असं विचारतील म्हणून, उरलेलं पाकीट पिशवीत टाकलं.

डॉक्टर एका शेळीला तपासत होते. मी त्यांना सांगितलं, माझी बायको वारली, तेव्हापासून हा जेवत नाही. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "पाणी?"

"पाणी खूप पितो. घमेलं सारखं भरावं लागतं."

"दुःखानं जनावर अन्न सोडतं, मास्तर. एवढं पाणी पीत नाही." त्यांनी हात पुढे केला. "खायला काय देत होता?"

मी पाकीट दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं. अक्षरं आमच्या दोघांनाही न वाचता येणारी. तारखेवर दुसरी चिठ्ठी डकवलेली. देशात कुणी आणलं, त्याचं नाव, पत्ता, काहीच नाही. आयुष्यभर मी पुस्तक हातात घेतलं की आधी प्रकाशकाचं पान बघत आलो. हे पाकीट फडताळात असून कधी उलटून पाहिलं नव्हतं.

रक्ताचे आणि लघवीचे नमुने तपासायला कल्याणला पाठवावे लागले. रक्तात साखर वाढलेली नव्हती, लघवीत मात्र होती. "मूत्रपिंडाला मार बसलाय," डॉक्टर म्हणाले. "ह्या पट्ट्यांनीच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण बाहेरून येणाऱ्या अशा सुक्या मांसावर कुत्री अशीच आजारी पडल्याचं वाचलंय. अर्धा तुकडा कदाचित पचलाही असता. तुम्ही तर जेवणच केलंत त्याचं. हे बंद. सलाईन लावू, आणि वाट बघू."

सलाईनसाठी मी त्याला रोज नेत राहिलो. बंगल्यातल्या बाई शनिवारी भेटायला आल्या तेव्हा हातात नवं पाकीट होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "आमचाही हल्ली पाणी फार पितो." चहा तसाच ठेवून त्या गेल्या.

एका सकाळी मी स्वतः भाकरी थापली. जाड झाली, एका बाजूनं करपली. सुकटीत कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं हुंगली, एक घास घेतला, मग ताटली कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन चाटून पुसून स्वच्छ केली. ताई दारात उभी होती. "बघ, विसरला," ती हसून म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

आता तो अंगणात असतो. रस्त्यानं सायकल गेली की भुंकतो, काकीच्या ओट्यावर जाऊन झोपतो. पाणी बेताचं पितो. मोरीकडे तो फिरकत नाही, कारण तिथं तो घमेल्यासाठी पडायचा, दुसऱ्या कशासाठी नाही.

ताई तिच्या घरी गेली. दुपारी मी पुस्तक घेऊन मागच्या पायरीवर, मोरीजवळ एकटाच बसतो.